मदत हवी आहे: रुईच्या बिया रुजत नाहीत

माळरान
फुलपाखरांच्या बागेसाठी रुईची दहा-बारा रोपं करायची आहेत. जागा पुण्याजवळची, मुरमाड. बिया दोन प्रकारच्या बोंडांतल्या: काही हिरव्या बोंडांतून काढलेल्या, काही उकललेल्यांतल्या. नेटवर वाचून 30 दिवस ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, मग नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) पेरल्या. 40 पैकी 3 उगवल्या, त्याही बुडाशी मऊ पडून आडव्या झाल्या. थंडावा कमी पडला का? आणि ती म्हातारी, म्हणजे बीला लागलेला रेशमी झुपका, घरभर न उडवता बी वेगळं कसं करायचं?

कडवा
थंडावा कमी पडला नाही, तो द्यायलाच नको होता. फ्रिजची रीत अमेरिकेतल्या मिल्कवीडची. तिथलं बी शरदात गळतं आणि पुढे बर्फाळ हिवाळा असतो. म्हणून ओली थंडी सोसल्याशिवाय ते सहसा रुजत नाही. आपली रुई त्याच कुळातली असली तरी तिचं बोंड उन्हाळ्यात उकलतं आणि बी पावसाच्या तोंडावर जमिनीला लागतं. तिला ऊब आणि ओल मिळाली की पुरे. ओल्या टिश्यूत महिनाभर ठेवलं की बी कुजतं, तुमच्याकडे तेच झालं.

हिरव्या बोंडातलं बी तर फ्रिजशिवायही फारसं रुजलं नसतं. पांढरट किंवा फिकट बी कच्चं असतं. पक्कं बी तपकिरी, चपटं, साधारण 6 मिमी लांब.

रानवाट
बोंड तोडायची वेळ: हिरवा रंग उतरून पिवळट-करडा झाला, साल सुकायला लागली आणि शिवणीवर अंगठ्याने हलकं दाबलं की फट पडते, तेव्हा. जोर लावावा लागला तर बोंड झाडावरच राहू द्या. रोज जाणं जमत नसेल तर बोंडावर मलमलीची पिशवी सैल बांधा, म्हणजे उकललं तरी बी आतच राहतं. प्लास्टिकची नको, आत घाम धरून बुरशी येते.

बी काढायची खरी युक्ती म्हातारी फुलण्याआधीच आहे. नुकत्या उकललेल्या बोंडात बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसलेल्या असतात आणि रेशीम मधल्या कागदी गाभ्याला घट्ट चिकटलेलं असतं. गाभा अख्खा बाहेर काढा, रेशमाची टोकं एका हाताच्या चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बिया खाली सोलून घ्या. रेशीम चिमटीतच राहतं. फुललेली म्हातारी असेल तर झिपच्या पिशवीत पाच-सहा नाण्यांसोबत घालून जोरात हलवा. बिया तळाशी बसतात, मग कोपरा कापून गाळून घ्या. पंखा बंद हवा, हे सांगायला नकोच!

वैद्यवाडी
बोंड तोडताना देठातून चीक येतो. हातमोजे घाला आणि काम संपेपर्यंत डोळ्याला हात लावू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर पुष्कळदा दुखतही नाही, नुसतं धूसर दिसतं, आणि म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. बुबुळाला सूज येऊ शकते. लगेच स्वच्छ पाण्याने 15-20 मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मुलं म्हाताऱ्यांमागे धावणारच. त्यांना सुकलेल्या म्हाताऱ्या द्या, हिरवं बोंड हाती देऊ नका.

कडवा
आता पेरणी. दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, एक भाग चाळलेलं कंपोस्ट. नुसतं कोकोपीट पाणी धरून ठेवतं, त्यामुळे रोपं बुडाशी कुजून कोसळतात. बी अर्धा सेंमी खोल, एका पिशवीत दोन. मे अखेरीस पेरा; ऊब असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. वरचा थर सुकल्यावरच पाणी. सोटमूळ झपाट्याने खाली जातं, म्हणून ट्रेमध्ये वाढवू नका. पहिल्यापासून उंच पिशवी घ्या आणि चार-सहा पानांवर असतानाच, मातीचा गोळा न फोडता जमिनीत लावा. मोठं रोप उपटून लावलं की मूळ तुटतं आणि ते बहुधा जगत नाही.

माळरान
मनापासून आभार. काही बोंडांवर काळसर डाग आणि बारीक भोक आहे, ती चालतील?

रानवाट
नाही. रुईच्या बोंडात अंडी घालणारी एक फळमाशी आहे, तिच्या अळ्या आतून बिया खातात. बाहेरून बोंड मोठं दिसतं, आत चिखल. डाग, भोक किंवा चिकाचा सुकलेला ओघळ दिसला की ते सोडा. झाडावर लाल-काळे ढेकूणही असतात, तेही बीचा रस शोषतात. त्यांनी शोषलेलं बी हलकं आणि सुरकुतलेलं लागतं.

फवारणी मात्र अजिबात करू नका. प्लेन टायगर, म्हणजे बिबळ्या कडवा हे फुलपाखरू, याच पानांवर अंडी घालतं आणि त्याच्या अळ्या हीच पानं खातात. पानं कुरतडलेली दिसली तर बाग चालू झाली असं समजा.