मुरुमांसाठी पोटात घ्यायच्या अँटिबायोटिक गोळ्या : अनुभव धागा

निशिगंध (धागाकर्ती)

मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लीन, मिनोसायक्लीन, लायमेसायक्लीन, अझिथ्रोमायसिन यांपैकी काही ज्यांनी घेतलंय, जे लिहून देतात किंवा काउंटरवरून देतात, त्या सगळ्यांना इथे लिहायचं आमंत्रण. फक्त "गुण आला" किंवा "नाही आला" एवढ्याने वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आपली कहाणी बाजूला ठेवून अनुभवातून कळलेलं नेमकं लिहा: किती मिलिग्रॅम, कशाबरोबर, किती आठवडे, काय बिघडतं आणि का. या गोळ्या डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय सुरू करायच्या नाहीत, हे धरून चालू.

पहिला मुद्दा माझा. गोळी कोणत्या मुरुमांवर चालते हे आधी पाहावं. लाल, दुखऱ्या, पू धरणाऱ्या पुटकुळ्या चेहऱ्यावर पसरल्या असतील, किंवा पाठ-छातीवरही असतील, तर गोळीला अर्थ आहे. चेहरा नुसत्या ब्लॅकहेड्स आणि व्हाइटहेड्सनी भरला असेल तर गोळीने काही होत नाही. तिथे रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल यांचं बूच बसलेलं असतं आणि ते काढायचं काम अँटिबायोटिकचं नाही. गोळी क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू (२०१६पर्यंतचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम) कमी करते. शिवाय टेट्रासायक्लीन गटातल्या औषधांचा (डॉक्सिसायक्लीन, मिनोसायक्लीन, लायमेसायक्लीन) जंतू मारण्यापलीकडेही एक गुण आहे, ती सूज उतरवतात. म्हणूनच पेनिसिलिनसारखी औषधं इथे सहसा वापरत नाहीत आणि डॉक्सिसायक्लीन वापरतात.

औषधमंजूषा

फार्मासिस्ट म्हणून लिहिते. डॉक्सिसायक्लीनचा नेहमीचा डोस १०० मिग्रॅ दिवसातून एकदा, कधी ५० किंवा १०० मिग्रॅ दोनदा. डोस सगळ्यांना पाठ असतो, पण गोळी गिळायची कशी हे फार कमी जणांना सांगितलेलं असतं आणि सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो.

ही कॅप्सूल अन्ननलिकेला चिकटते. विरघळली की तिथे आम्ल तयार होतं आणि आतल्या अस्तराला भाजल्यासारखी जखम होते. छातीच्या मध्यभागी टोचणारं दुखणं, घोट गिळताना कळ, पाणी पितानाही त्रास, अशी लक्षणं काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात. लोकांना ती साधी अ‍ॅसिडिटी वाटते. मग ते अँटासिड घेतात, त्याने औषधही नीट शोषलं जात नाही, आणि गोळी त्याच पद्धतीने पुढे चालू राहते. असं दुखलं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवावं.

टाळायचं कसं: बसून किंवा उभं राहून, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, जेवणाच्या मध्यात किंवा लगेच नंतर घ्या. पहिला घोट गोळीआधी घ्या, घसा ओला होतो. त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, तास झाला तर उत्तम. झोपायला जाताना दोन घोट पाण्याबरोबर टाकलेली गोळी ही सगळ्यात घातक सवय. रोज एकदाच घ्यायची असेल तर दुपारचं जेवण ही सगळ्यात सोयीची वेळ, मळमळही कमी होते. कॅप्सूल उघडून पावडर पाण्यात कालवायची नाही.

आता दुधाचं. जुनं टेट्रासायक्लीन रिकाम्या पोटी घ्यावं लागायचं, दुधाने ते जवळपास वाया जायचं. डॉक्सिसायक्लीनचं तसं नाही. दुधाने शोषण साधारण पाचव्या हिश्श्याने घटतं, म्हणून गोळीच्या वेळी दुधाचा ग्लास नको, पण जेवणात वाटीभर दही असलं म्हणून घाबरायचं कारण नाही. लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम असलेलं अँटासिड मात्र खरंच आडवं येतं. हे धातू औषधाशी बांधले जातात आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. मध्ये किमान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. मुरुमांसाठी म्हणून झिंकची गोळी त्याच चिठ्ठीवर असते आणि दोन्ही "जेवणानंतर" असं लिहिलेलं असतं, हे वारंवार दिसतं. दुपारी डॉक्सी, रात्री झिंक अशी वाटणी करून घ्या. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरची बारीक अक्षरंही वाचा, त्यातही हेच धातू असतात.

एखादी गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत. आणि जुन्या कोर्समधल्या मुदत संपलेल्या गोळ्या कधीच वापरू नका. टेट्रासायक्लीन जुनं झालं की त्याच्या विघटनातून मूत्रपिंडाला अपाय झाल्याची नोंद आहे.

रानवारा

उन्हाबद्दल कोणी लिहिण्याआधी लिहितो. डॉक्सीवर असताना एरवी सोसणारं ऊन भाजून काढतं. हा त्रास डोसबरोबर वाढतो, २०० मिग्रॅवर १००पेक्षा जास्त. नाक, गालाचा वरचा भाग, कान, हाताच्या पाठी इथे आधी लाली आणि चुरचुर. कधीकधी नखं टोकाकडून सुटू लागतात आणि दुखतात, हाही उन्हाचाच परिणाम, बुरशी नव्हे. एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं, यूव्हीए (उन्हातले खोलवर जाणारे अतिनील किरण) रोखणारं सनस्क्रीन, डब्यावर नॉन-कॉमेडोजेनिक (रोमछिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं. दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल तेवढं चेहरा-मानेला लागतं, त्याहून कमी लावलं तर डब्यावरचा आकडा खरा राहत नाही. बाहेर काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसभर उन्हातच राबणाऱ्यांनी हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं, ते गोळी बदलू शकतात. लायमेसायक्लीन (४०८ मिग्रॅ, दिवसातून एकदा) उन्हाला तुलनेने कमी कडक आहे.

त्वचादीप

त्वचाविकारांची प्रॅक्टिस करतो. एकच गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे: गोळी एकटी कधीच घेऊ नका. गोळी पेटलेली सूज खाली आणते. पुढचं वर्षभर चेहरा सांभाळायचं काम क्रीमच करतं. क्रीम नसेल तर गोळी थांबल्यावर महिन्या-दोन महिन्यांत सगळं परत येतं, मग दुसरा कोर्स, मग तिसरा, आणि दरम्यान जंतू औषधाला सरावतात. मुरुमांचेच नव्हे, त्वचेवरचे आणि आतड्यातले इतर जंतूही.

गोळीबरोबर दोन गोष्टी हव्यात. एक बेंझॉइल पेरॉक्साइड, २.५ किंवा ५ टक्के. ते ऑक्सिडेशनने जंतू मारतं, त्यामुळे जंतूंना त्याची सवय होत नाही, आणि गोळीला दाद न देणारे जंतूही त्याने मरतात. १० टक्के घेतल्याने गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. दुसरं रेटिनॉइड (व्हिटॅमिन एच्या जातीचं क्रीम), बहुधा अडापलीन ०.१ टक्के, जे रोमछिद्रातलं बूच तयारच होऊ देत नाही.

लावायची पद्धत: रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून पूर्ण कोरडा होऊ द्या, वाटाण्याएवढं अडापलीन कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असं ठिपके देऊन सगळ्या चेहऱ्यावर पसरवा. एकेका पुटकुळीवर टिकली लावल्यासारखं लावू नका, कारण उद्याची पुटकुळी आज कोऱ्या दिसणाऱ्या त्वचेत तयार होत असते. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. पहिले दोन आठवडे एक रात्र आड, मग रोज. सोलवटलं तर आधी मॉइश्चरायझर, वर अडापलीन. बेंझॉइल पेरॉक्साइड सकाळी. अडापलीन त्याच्यासोबत टिकतं, पण साधं ट्रेटिनॉइन (दुसरं एक रेटिनॉइड) त्याने निकामी होतं, म्हणून ट्रेटिनॉइन असेल तर दोन्ही एका वेळी नकोत. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल, उशीचा अभ्रा, शर्टाची कॉलर यांचा रंग उडतो. पांढरे कपडे वापरा.

क्लिंडामायसिन जेल (त्वचेवर लावायचं अँटिबायोटिक) आणि पोटातलं अँटिबायोटिक एकत्र मात्र नको. दुहेरी मारा वाटतो, पण फायदा वाढत नाही, औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात.

मुदत बारा आठवडे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत फरक न दिसणं सामान्य आहे, चौथ्या ते सहाव्यापासून नव्या पुटकुळ्या कमी व्हायला लागतात. मागे राहिलेले तपकिरी डाग हे "गोळी लागू पडली नाही" याचं लक्षण नव्हे, त्यांना महिने लागतात आणि अँटिबायोटिकने ते जात नाहीत. आधीचा फोटो काढून ठेवा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, आणि दर चार आठवड्यांनी पुन्हा. आरशावर विश्वास ठेवला तर माणूस रोज निराश होतो.

सायली२

त्वचादीप, बारा आठवड्यांनी गोळी हळूहळू कमी करायची का? बऱ्याच जणांना एक दिवस आड, मग दोन दिवस आड असं सांगितलेलं असतं.

त्वचादीप

गरज नाही. ठरलेल्या दिवशी बंद करायची, क्रीम चालू ठेवायची. कमी डोस रेंगाळत घेतल्याने जंतूंना सरावच मिळतो. बाराव्या आठवड्याला बराच फरक असेल पण काम अर्धवट असेल तर डॉक्टर मुदत थोडी वाढवतात. सहा महिन्यांच्या पुढे जायला मात्र फार सबळ कारण लागतं.

पारिजात

मिनोसायक्लीनबद्दल लिहिते. ५० ते १०० मिग्रॅ डोस, ऊन कमी बाधतं, म्हणून आकर्षक वाटतं. पण गुण डॉक्सीपेक्षा जास्त असल्याचं सिद्ध नाही आणि दुष्परिणाम वेगळ्याच जातीचे आहेत. सुरुवातीला चक्कर, डोकं हलकं होणं, जमीन फिरल्यासारखी वाटणं. दीर्घकाळ घेतलं तर जुन्या व्रणांवर, नडग्यांवर, कधी हिरड्यांवर निळसर-करडा रंग, जो मोठ्यांच्या दातांनाही लागू शकतो. आणि क्वचित, पण गंभीर: ल्युपससारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) सांधेदुखीचा आजार, यकृताला सूज, किंवा ताप, पुरळ आणि सुजलेल्या गाठी घेऊन येणारी औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी. सांधे आखडले, डोळे पिवळे झाले, तापाबरोबर पुरळ आलं तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठा. डॉक्सी चालत असताना मिनोसायक्लीन का निवडलं, असा प्रश्न रुग्णाने जरूर विचारावा.

औषधमंजूषा

अझिथ्रोमायसिनबद्दलही. हे औषध ऊतींमध्ये दिवसेंदिवस टिकतं, म्हणून आठवड्यातून तीन दिवस ५०० मिग्रॅ अशा पद्धतीने दिलं जातं. घ्यायला सोपं म्हणून लोकांना आवडतं. पण घशाच्या आणि फुप्फुसाच्या संसर्गात याची खरी गरज पडते आणि मुरुमांसाठी वाटत सुटलं तर तिथे ते चालेनासं होतं. टेट्रासायक्लीन देताच येत नाही अशांसाठी ते राखून ठेवलेलं बरं. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी, किंवा ईसीजीत क्यूटी (ठोक्यातल्या विद्युत क्रियेचा काळ) लांबवणारी दुसरी औषधं चालू असणाऱ्यांनी आधी सांगितलंच पाहिजे.

चंद्रकोर

स्त्रियांसाठी दोन-तीन गोष्टी. गरोदर असाल किंवा राहायचं ठरवत असाल तर टेट्रासायक्लीन गट नको, बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो. आठ वर्षांखालच्या मुलांनाही मुरुमांसाठी याच कारणाने देत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या डॉक्सीने निकामी होतात ही भीती जुनी आहे. तसं रिफाम्पिसिनच्या (क्षयरोगावरचं औषध) गटाने होतं, डॉक्सीने नाही. पण गोळीमुळे उलट्या-जुलाब झाले तर गर्भनिरोधकच शोषलं जात नाही, तेव्हा काळजी घ्या. योनीमार्गात खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव आला तर ती बुरशी, अँटिबायोटिकमुळे होते आणि सहज बरी होते. लाजून अंगावर काढू नका. जबड्याच्या कडेला पाळीआधी उठणाऱ्या, पाळी अनियमित असताना वाढणाऱ्या मुरुमांत मुळाशी हार्मोन असतात. तिथे अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स करण्यापेक्षा हार्मोनच्या बाजूने तपासणी करून घ्या.

रानवारा

गोळी चालू असताना मुरुम *वाढले* तर? याची उत्तरं इथे हवीत.

त्वचादीप

दोन शक्यता नेहमी डोक्यात ठेवाव्या. कपाळ, छाती, पाठीवर एकसारख्या आकाराच्या, बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या, ब्लॅकहेड्स अजिबात नाहीत: हे बहुधा मॅलासेझिया या यीस्टमुळे होतं. अँटिबायोटिकने जंतू हटले की त्याला रान मोकळं मिळतं. गोळी वाढवली की ते आणखी वाढतं. उपाय बुरशीविरोधी औषधाचा. खाज हा यातला सगळ्यात कामाचा धागा, कारण साधे मुरुम दुखतात, सहसा खाजत नाहीत. दुसरी शक्यता: आधी चांगला गुण आलेला, कोर्स महिनोन्‌महिने चाललेला, आणि अचानक नाक-तोंडाभोवती पिवळ्या पुवाच्या पुटकुळ्यांचं पीक. तिथे ग्राम-निगेटिव्ह (मुरुमांच्या नेहमीच्या जंतूहून वेगळ्या गटातले) जंतू घुसलेले असू शकतात. पू तपासायला पाठवावा लागतो आणि गोळी बंद करावी लागते.

खोल, दुखऱ्या गाठी आणि खड्डे पडायला सुरुवात झाली असेल तर बारा आठवडे वाट पाहत बसू नका. आयसोट्रेटिनॉइनचा (व्हिटॅमिन एच्या जातीची, पोटात घ्यायची गोळी) विचार लवकर व्हायला हवा, कारण पडलेला खड्डा नंतर कोणत्याच गोळीने भरत नाही.

पारिजात

त्याला जोडून एक अत्यंत महत्त्वाचं. आयसोट्रेटिनॉइन आणि टेट्रासायक्लीन गट एकत्र कधीही नाही. दोन्ही मिळून कवटीतला दाब वाढू शकतो. नुसत्या डॉक्सी-मिनोवरही हे क्वचित होतं. न थांबणारी डोकेदुखी, आडवं झालं की वाढणारी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा एकाचे दोन दिसणं, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घुमणारा आवाज. औषध बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, दृष्टीचा प्रश्न आहे. एका डॉक्टरकडची डॉक्सी चालू असताना दुसऱ्याकडून आयसोट्रेटिनॉइन आणलं, असं नकळत घडतं. चालू औषधांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. व्हिटॅमिन एच्या जास्त डोसाच्या गोळ्याही त्यात दाखवा.

औषधमंजूषा

पाकिटांबरोबर मागच्या कोर्सचा हिशेबही न्या: कोणतं औषध, किती मिग्रॅ, कोणत्या महिन्यात सुरू, कोणत्या महिन्यात बंद, सोबत कोणती क्रीम होती आणि ती खरंच रोज लावली का. "मागे डॉक्सी घेतली, उपयोग नाही झाला" एवढ्यावर डॉक्टर दुसरी गोळी लिहितील. "सहा आठवडे घेतली, झिंकबरोबर, क्रीम आठवड्यातून दोनदा" असं सांगितलं तर कदाचित तीच गोळी, नीट घ्यायला सांगतील.