इनलाइनवरून बर्फावर
जळगावच्या एका दादांनी विचारलंय, पुतणी इनलाइन स्केटिंग (एका ओळीत चाकं असलेल्या बुटांवरचं) करते, आइस हॉकीत जमेल का? वेग आणि तोल उपयोगी पडतील, अडेल ते थांबण्यात. चाकं रस्त्याला धरून राहतात. बर्फावर मात्र बुटाखालची दोन्ही पाती आडवी करून, गुडघे वाकवून घसरत थांबावं लागतं. गुडघे ताठ राहिले की पडणार. पात्याच्या तळाला खोलगट खाच असते. नवख्यांना साधारण अर्धा इंच त्रिज्येची खाच बरी, तिच्या कडा म्हणजेच धार. धार बोथट झाली की वळताना पाय सुटतो आणि दोष पोरीला लागतो! बूट रोजच्या मापापेक्षा एक-दीड नंबर लहान घ्या, टाच आत हलता कामा नये. सराव संपला की पातं पुसून कोरडं करा, नाहीतर गंज चढतो.

इनलाइनचा सराव चालू ठेवायचा तर, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये डांबर तापतं, मऊ चाकं झिजून जातात. बाहेर ८० ए (चाकाच्या कडकपणाचं माप) च्या पुढची कडक चाकं लावा, सराव पहाटेच.

पैशाचं म्हणाल तर अमेरिका-कॅनडातली महिलांची व्यावसायिक आइस हॉकी लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी २०२४ ला सुरू झाली. पहिल्या हंगामात किमान पगार ३५,००० डॉलर होता. भारतीय महिला आइस हॉकी संघ २०१६ पासून आंतरराष्ट्रीय सामने खेळतोय, २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक मिळालं. त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर तयार झालेल्या. खानदेशातून जायचं तर आधी देहरादूनच्या बंदिस्त रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) आठवडाभर उतरवून बघा, महागडं किट त्यानंतर घ्या.