रविवारच्या प्रश्नमंजूषेचे गुण: आलेल्या हरकती आणि फेरनिर्णय

क-५०१ (प्रश्नमंजूषा समन्वयक):
सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी हॉलमध्ये जाहीर केल्याप्रमाणे ब-विंगला १८, अ-विंगला १२ आणि क-विंगला १० गुण मिळाले. मात्र त्यानंतर प्रश्न क्रमांक ३, ५ आणि ८ यांविषयीच्या हरकती मला लिफ्टमध्ये, जिन्यात आणि काल सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना गेटवरही ऐकाव्या लागल्या. ज्यांना काही म्हणायचे असेल त्यांनी ते इथे लेखी मांडावे, म्हणजे गुण बदललेच तर ते सर्वांसमक्ष बदलतील. ही चर्चा संपेपर्यंत शुभ सकाळचे संदेश आणि पाण्याच्या टँकरची चौकशी कृपया मध्ये आणू नये. टँकर साडेअकराला येणार आहे.

अ-२०१:
सुरुवात मीच करतो. तिसरा प्रश्न ‘भारतातील पहिला चित्रपट कोणता?’ इतकाच होता. आम्ही ‘श्री पुंडलिक’ असे उत्तर लिहिले आणि त्यावर फुली मारण्यात आली. दादासाहेब तोरणे यांचा हा चित्रपट १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवला गेला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी लागला, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने. जे आधी आले ते पहिले, एवढे साधे गणित आहे.

ब-४०३:
काका, तारखांबद्दल वाद नाही, पण ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रीकरण होते. कॅमेरा एका जागी उभा करून नाटक टिपले गेले आणि ती फिल्म प्रक्रियेसाठी लंडनला पाठवावी लागली. फाळक्यांनी मात्र लंडनला जाऊन तंत्र शिकून घेतले, यंत्रसामग्री आणली, दादरला स्टुडिओ थाटला आणि पटकथेपासून फिल्म धुण्यापर्यंत सारे स्वतःच्या देखरेखीखाली केले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी उभे केले, ही गोष्ट तर आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. पहिल्या चित्रपटाचा मान ‘राजा हरिश्चंद्र’ला दिला जातो तो या कारणांसाठी, आणि आमचे उत्तर तेच होते.

अ-२०१:
ताई, तुमचे म्हणणे मला मान्य आहे, पण ते ‘पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथाचित्रपट’ या प्रश्नाचे उत्तर झाले. रविवारी विचारलेल्या प्रश्नात ‘पूर्ण लांबीचा’ हे शब्द नव्हते आणि ‘कथा’ हा शब्दही नव्हता. आता प्रामाणिकपणे हेही सांगतो, की नुसते ‘हलते चित्र’ एवढाच अर्थ घेतला, तर सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली होती. त्या हिशेबाने आमचेही उत्तर चुकते, हे मला कळते.

ब-१०४:
आणि ‘भारतात दाखवलेला पहिला’ असा अर्थ घेतला, तर ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलमध्ये झालेल्या ल्युमिएर बंधूंच्या खेळापर्यंत मागे जावे लागेल. प्रश्न चार शब्दांचा आणि त्याची उत्तरेही चार! आजोबांनी स्वतःच्या विरुद्ध जाणारा पुरावा स्वतःच दिला, याबद्दल त्यांना अर्धा गुण जास्त द्यावा, अशी माझी सूचना आहे.

क-५०१ (प्रश्नमंजूषा समन्वयक):
अर्धा गुण देण्याची तरतूद नाही. पण प्रश्न सैल होता, हे मी मान्य करतो. तो मी घाईत, पाठ असलेल्या उत्तरावरून उलट तयार केला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ हे उत्तर आधी डोक्यात असले, की त्याला जोडलेला कोणताही प्रश्न आपल्याला नेमकाच वाटतो. ब-विंगचे २ गुण कायम राहतील आणि अ-विंगलाही २ गुण मिळतील. आता पाचवा प्रश्न घेऊ.

क-१०२:
मी रेल्वेत ३४ वर्षे नोकरी केली असल्यामुळे मला हा विषय सोडता येणार नाही. प्रश्न ‘भारतातील पहिली रेल्वे कोठे धावली?’ असा होता. अ आणि ब या दोन्ही विंगांनी ‘बोरीबंदर ते ठाणे’ असे लिहिले, आम्ही ‘मद्रासजवळ रेड हिल्स येथे’ असे लिहिले आणि आमच्या उत्तरावर हॉलमध्ये हशा पिकला. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून सुटलेली ती १४ डब्यांची गाडी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिने, सुमारे ४०० निमंत्रित प्रवासी, २१ तोफांची सलामी आणि ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटर, हे सारे मला तोंडपाठ आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण ती पहिली प्रवासी गाडी होती. मद्रासजवळचा रेड हिल्सचा लोहमार्ग १८३७ मध्ये दगड वाहून नेण्यासाठी सुरू झाला होता. रुडकीलाही गंगा कालव्यावरच्या सोलानी जलसेतूचे बांधकाम चालू असताना, १८५१ मध्ये वाफेचे इंजिन सामान ओढत होते. त्या गाड्यांत कोणी निमंत्रित बसले नाहीत आणि तोफाही झाल्या नाहीत, म्हणून त्या धावल्याच नाहीत असे होत नाही.

ब-१०४:
काका, हसणाऱ्यांत मीही होतो. माफ करावे.

क-५०१ (प्रश्नमंजूषा समन्वयक):
क-विंगला २ गुण. मी स्वतः क-विंगमध्ये राहत असलो तरी हा निर्णय पक्षपाताचा नाही, हे कृपया सर्वांनी लक्षात घ्यावे. बाकी दोघांचे गुणही तसेच राहतील, कारण शाळेपासून आपण सगळे तो प्रश्न ‘प्रवासी’ हा शब्द मनात धरूनच वाचत आलो आहोत.

अ-३०४:
आठवा प्रश्न मात्र वेगळा आहे, काका. ‘महाराष्ट्रात युनेस्कोची जागतिक वारसास्थळे किती?’ यात शब्दांचा घोळ नव्हता, उत्तरच चुकले होते. तुमच्या कागदावर ६ होते, ब-विंगनेही ६ लिहिले आणि आम्ही ७ लिहिले. अजिंठा आणि वेरूळ यांचा समावेश १९८३ मध्ये झाला, घारापुरीचा १९८७ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा २००४ मध्ये, पश्चिम घाटाचा २०१२ मध्ये आणि मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा २०१८ मध्ये. हे झाले सहा. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांची त्यात एकत्रित भर पडली.

ब-४०३:
आम्ही ज्या पुस्तकावरून तयारी केली त्यात ६ असेच छापलेले आहे. शिवाय त्या १२ किल्ल्यांपैकी जिंजी तामिळनाडूत आहे, तेव्हा हे वारसास्थळ पूर्णपणे महाराष्ट्राचे कसे म्हणता येईल?

अ-३०४:
ताई, त्या न्यायाने पश्चिम घाटही वगळावा लागेल. त्यातल्या ३९ जागांपैकी महाराष्ट्रात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चारच आहेत. बाकीच्या केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूत आहेत. पूर्णपणे महाराष्ट्रातली स्थळे मोजली तर ५ होतात आणि इतर राज्यांबरोबर वाटून घेतलेली धरली तर ७ होतात. आज कोणत्याही पद्धतीने मोजले तरी ६ हे उत्तर येत नाही.

ब-४०३:
पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. आवृत्ती २०२१ ची आहे. मुलाच्या स्पर्धा परीक्षेच्या वेळी घेतलेले, वरच्या कोपऱ्यात चहाचा डाग पडलेले तेच पुस्तक आम्ही अजून वापरतो. आमचे २ गुण कमी करावेत, माझी हरकत नाही. मात्र समन्वयकांकडेही तीच आवृत्ती असावी, असा मला दाट संशय आहे.

क-५०१ (प्रश्नमंजूषा समन्वयक):
संशय खरा आहे. ते पुस्तक तुमच्याकडूनच मागून नेले होते आणि उत्तरे उतरवून घेऊन परत केले होते. यापुढे संख्या विचारणाऱ्या प्रत्येक प्रश्नात ‘अमुक तारखेअखेर’ असे शब्द घालीन. जिल्ह्यांच्या संख्येलाही हेच लागू आहे: १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा २६ जिल्हे होते आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ते ३६ झाले. जाता जाता एवढेच सांगतो, की ‘स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले?’ या माझ्या सहाव्या प्रश्नावर एकही हरकत आलेली नाही. ‘स्वतंत्र’ हा शब्द गाळला असता, तर कोणीतरी १९०० च्या पॅरिसमधील नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदके पुढे केली असती. ‘वैयक्तिक’ गाळला असता, तर १९४८ चा हॉकी संघ पुढे आला असता. हे दोन शब्द ठेवल्यामुळेच १९५२ चे हेलसिंकी आणि खाशाबा जाधव एवढे एकच उत्तर शिल्लक राहिले.

क-३०३:
पुढच्या रविवारसाठी मी एक प्रश्न सुचवते: ‘पहिल्या भारतीय महिला डॉक्टर कोण?’ उत्तर आनंदीबाई जोशी.

ब-१०४:
वहिनी, एवढी चर्चा होऊनही पुन्हा तसाच प्रश्न? आनंदीबाईंनी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली, पण त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. कादंबिनींनी पुढे रुग्णसेवाही केली. आनंदीबाई मात्र परत आल्या त्या आजारी अवस्थेतच आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची २२ वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात गेल्या. शिवाय लंडनला शिकून सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. रखमाबाई राऊत यांचेही नाव कोणीतरी घेईलच.

क-३०३:
बरोबर आहे. मग प्रश्न असा ठेवू: ‘कल्याणमध्ये जन्मलेल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवलेल्या भारतीय महिला कोण?’ यात ‘पहिल्या’ हा शब्द ठेवलेलाच नाही.

अ-२०१:
उत्तम. यावर मला काहीच म्हणता येत नाही, आणि माझ्या बाबतीत असे क्वचितच होते.

क-५०१ (प्रश्नमंजूषा समन्वयक):
आता सुधारित गुण. अ-विंग: १२ अधिक तिसऱ्या प्रश्नाचे २ आणि आठव्याचे २, एकूण १६. ब-विंग: १८ मधून आठव्याचे २ वजा, एकूण १६. क-विंग: १० अधिक पाचव्याचे २, एकूण १२. म्हणजे पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी झाली आहे. पुढच्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता एकच निर्णायक प्रश्न विचारला जाईल. तोपर्यंत फिरता डबा सोसायटीच्या कार्यालयात जमा करावा.

अ-२०१:
डबा जमा होईल हो, पण चिवड्याचे काय? दुसऱ्या क्रमांकाच्या विंगने डबा भरून विजेत्यांना द्यायचा, या नियमाप्रमाणे रविवारी रात्रीच आमच्या घरून पातळ पोह्यांचा दीड किलो चिवडा ब-विंगकडे गेला आहे. आता आम्ही दुसरे नाही, हे वरच्या बेरजेवरून सिद्ध झाले.

क-१०२:
बरोबरी झाल्यास तिसऱ्या विंगने डबा भरावा, असे नियमात कोठेही लिहिलेले नाही, याची क-विंगच्या वतीने आत्ताच नोंद घ्यावी.

ब-४०३:
चिवडा संपला आहे, काका. वहिनींना सांगा, शेंगदाणे फार छान तळले होते. डबा घासून उद्या सकाळी कार्यालयात ठेवते.