एमए इतिहास, ५४.६ टक्के, खुला प्रवर्ग: आता पुढे काय?

प्रश्न (काठावरचा)
वय २६. नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यायचा विचार आहे, नाही जमलं तर थेट पीएचडी. मोडीची बाराखडी येते, पण सलग वाचता येत नाही. या टक्क्यांवर नेमके कोणते रस्ते खुले आहेत?

तासिकातत्त्व
आधी वाईट बातमी. खुल्या प्रवर्गाला नेट आणि सेट (राज्याची तशीच परीक्षा) दोन्हींसाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, आणि ५४.६ चे ५५ करून कोणी देत नाही. पीएचडी प्रवेशालाही हाच आकडा आडवा येतो. राखीव प्रवर्गाला ५० चालतात. तुमच्या विद्यापीठात श्रेणीसुधाराची (पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवण्याची) सोय आहे का, हे परीक्षा विभागात लेखी अर्ज करून विचारा. तोंडी उत्तरावर वर्ष घालवू नका.

आकडा सुधारलाच, तर नेटमधून मिळणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपला (संशोधनवृत्तीला) वयाची अट असते (खुल्याला ३०), सेटला ती नाही. पण सेट झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांत सेट-नेट झालेले भरपूर आहेत.

कनिष्ठ महाविद्यालयासाठी मात्र ५० टक्के आणि बीएड पुरतं. त्यानंतर टीईटी नव्हे, ती शिक्षक पात्रता परीक्षा वेगळी. इथे लागते ती अभियोग्यता चाचणी, म्हणजे टीएआयटी, आणि मग पवित्र पोर्टल (राज्याचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ). त्यात वर्षं जातात, हे धरून चाला.

रुमाल_सोडणारा
मोडी अर्धवट सोडू नका, तिथे टक्के कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची मागणी एकदम वाढली. जमिनीचे वाद, वतनाचे कागद, घराण्यांची दप्तरं ही कामं त्याआधीही होती, पुढेही राहतील.

बाराखडी आली म्हणजे मोडी आली नव्हे. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नसतात, शिरोरेघ आधी ओढलेली असते. त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे भाषेवरून ओळखावं लागतं. छापील मोडीपासून सुरुवात करा, मग आंग्लकालीन कागद, शेवटी पेशवेकालीन. रोज एक पान, लिप्यंतर हाताने लिहून, जाणकाराकडून तपासून घ्या. न लागलेल्या शब्दाच्या जागी टिंबं द्या, अंदाजाने भरू नका. जमिनीच्या कागदात चुकीचं एक नाव म्हणजे कोर्टात फजिती.

सगळ्यात जास्त चुका तारखेत होतात. जुन्या मराठी कागदांत शुहूर सन असतो, तोही अरबी संख्याशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, शुहूर सन ११६१. मृगाच्या सुमारास वर्ष बदलतं, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत (१४ जानेवारी १७६१) घालून पाहा, ताळा जुळेल. नवखे सरसकट ६०० मिळवतात आणि वर्षभराने चुकतात.

बोरू
वरचं पटतं, पण फक्त मोडीवर घर चालेल असं समजू नका. शोधमोहीम संपली की काम आटतं. जोडीला कागदपत्रांचं शास्त्र घ्या: दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम, किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा वस्तुसंग्रहालयशास्त्राचा. बँका, जुने उद्योग, संस्था यांना आपली दप्तरं लावून घ्यायची असतात, तिथे 'एमए इतिहास' पेक्षा 'सूची करता येते, स्कॅनची फाइल नावं नीट देता येतात' हे जास्त चालतं. तंजावरच्या मराठी मोडी कागदांचंही काम पडून आहे, पण त्यासाठी थोडी तमिळ शिकावी लागेल.

लिप्यंतराचा दर पानावर ठरवू नका. एका पानात आठ ओळी असतात, दुसऱ्यात चाळीस. नमुन्याचं एक पान करून द्या, मग शब्दांवर बोला.

काठावरचा
श्रेणीसुधाराचा अर्ज उद्याच देतो. शुहूरचा ताळा करून पाहिला, जुळला!