मदत हवी आहे: 1921 च्या ब्रिटिश जनगणनेत लंडनमधले पणजोबा सापडत नाहीत

पणजोबा 1919 ते 1922 बॅरिस्टरीसाठी लंडनला होते. 19 जून 1921 च्या जनगणनेतली त्यांची नोंद हवी आहे.

फाइंडमायपास्ट या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळावर आडनावाची रोमन लिपीतली सगळी रूपं वाइल्डकार्ड (न कळणाऱ्या अक्षरांच्या जागी चिन्ह) लावून पाहिली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव उलटसुलट करूनही पाहिलं, कारण फॉर्म घरमालकीण भरायची आणि वडिलांचं नावच आडनावाच्या जागी पडणं सहज शक्य आहे. नाव रिकामं ठेवून जन्मस्थळ इंडिया, बॉम्बे, पूना आणि जन्मवर्ष तीन वर्षं मागेपुढे, हेही झालं. त्यांच्या पत्रावरचा लंडनच्या ब्लूम्सबरी भागातला पत्ता मार्च 1921 चा आहे, पण त्या घरात दुसरीच माणसं नोंदलेली आहेत. गणना एप्रिलमधून जूनवर ढकलली गेली होती, तेवढ्यात खोली बदलली असावी. बीटी 26 च्या (जहाजाने ब्रिटनला येणाऱ्यांच्या) प्रवासी याद्यांत नाव नाही. पण फ्रान्समधल्या मार्सेलला उतरून रेल्वेने आलेला माणूस त्यांत सापडणारच नाही, म्हणून त्यावरून काही ठरवत नाही.

पानागणिक पैसे मोजून बघतोय, त्यामुळे अंदाजाने पानं उघडणं परवडत नाही. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (ब्रिटनच्या सरकारी अभिलेखागारात) जाणंही सध्या शक्य नाही.

आरजी 15 (1921 च्या जनगणनेच्या कागदांचा संग्रह) मधला क्रमांक धरून एका रस्त्याच्या आसपासचा पूर्ण गणना-विभाग (एका गणकाकडे दिलेला भाग) सलग पाहता येतो का? आणि विद्यार्थी वसतिगृहं, बोर्डिंग हाउस यांचे फॉर्म त्याच विभागात लावलेले असतात की वेगळे शोधावे लागतात?