वॉशिंग्टन : ना धुणं, ना टाउन

प्रश्न : 'वॉशिंग्टन' या आडनावाची फोड 'वॉशिंग' अधिक 'टाउन', म्हणजे नदीने धुतलेलं गाव, अशी वाचनात आली. बरोबर आहे का? आणि हे गावावरून पडलेलं आडनाव असेल, तर आपल्या 'कर'सारखा प्रत्यय त्यात का दिसत नाही?

प्रतिसाद १ : फोड चुकीची आहे. आजच्या स्पेलिंगवरून जुनं नाव सोडवायला गेलं की हे असंच होतं. आधी सगळ्यात जुनी नोंद काढायची, मग अर्थ लावायचा. हे आडनाव इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या वॉशिंग्टन गावावरून आलं, आणि त्या गावाचं ११८३ मधलं रूप 'वासिंग्टोना' असं लॅटिन धाटणीचं आहे. पुढे 'वेसिंग्टन' बराच काळ चाललं. १४१६ ते १४४६ या काळात डरहॅमच्या मठाचा प्रमुख असलेला जॉन स्वतःला वेसिंग्टनच म्हणवत होता. 'वॉश'चा 'श' नंतरचा.

जुन्या इंग्रजीतली मूळ फोड तीन तुकड्यांची : 'ह्वासा' हे माणसाचं नाव, 'इंग' म्हणजे 'त्याच्याशी संबंधित', आणि 'टून'. हा 'इंग' क्रियापदाला लागणारा 'इंग' नव्हे. 'टून' म्हणजे शहरही नव्हे. मुळात कुंपण, मग कुंपणातलं घर-शेत, मग वस्ती. आपल्या 'वाडी'चा प्रवास नेमका असाच आहे, संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. तेव्हा वॉशिंग्टन म्हणजे सरळ 'ह्वासाची वाडी'.

प्रतिसाद २ : प्रत्ययाबद्दल. इंग्रजीत तो होता, पण पुढे गळाला. कागदोपत्री 'विल्यम द हर्टबर्न' असं लिहीत. देवनागरीत इथे हमखास घोटाळा होतो : हा 'द' म्हणजे 'विल्यम द काँकरर'मधला इंग्रजी 'द' (the) नव्हे. तो फ्रेंच-लॅटिन 'द' (de), म्हणजे 'चा' किंवा 'हून'. मध्ययुग संपता संपता तो बहुतेक आडनावांतून गेला आणि गावाचं नाव तेवढं उरलं. म्हणजे 'पुणेकर'मधला 'कर' जाऊन नुसतं 'पुणे' हेच आडनाव व्हावं, तसं.

हा हर्टबर्न मुद्दाम घेतला. डरहॅमच्या बिशपने ११८३ मध्ये आपल्या जमिनींची पाहणी करवली, तिला 'बोल्डन बुक' म्हणतात. त्यातली नोंद अशी : विल्यम द हर्टबर्न याच्याकडे वॉशिंग्टन गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून, हे हर्टबर्न गावाच्या बदल्यात मिळालं, सारा ४ पौंड, शिवाय बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर व्हायचं. गावाची अदलाबदल झाली आणि पुढे घराण्याचं नावही बदललं : हर्टबर्नचे ('हरणाचा ओढा') वेसिंग्टनचे झाले. तोवर आडनाव रक्ताला चिकटलेलं नव्हतं, जमिनीला होतं.

प्रश्नकर्ता : म्हणजे त्या गावात राहणारे सगळे वॉशिंग्टन?

प्रतिसाद २ : नाही, आणि इथेच लोक सर्वात जास्त फसतात. गावाचं नाव दोन वाटांनी मिळे. जहागीरदाराला ते गावाच्या मालकीवरून मिळे, तो तिथे राहत असतानाच. साध्या माणसाला मात्र गाव सोडल्यावर. गावात सगळेच त्या गावचे, मग त्या नावाने ओळखायचं कोणाला? पुण्यातच पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला शेजारी पुणेकर म्हणून हाक मारत नाहीत, तेच. त्यामुळे एखादं आडनाव जिथे दाट सापडतं, तिथेच त्याचं गाव असेल असं धरू नये. शेजारच्या परगण्यांतही शोधावं.

प्रतिसाद ३ : पुरवणी. याच नावाचं दुसरं गाव दक्षिणेला ससेक्समध्ये आहे, तिथला मूळपुरुष 'वासा'. आणि डर्बीशरमध्ये 'वेसिंग्टन' आहे, पण ते १०८६ च्या डूम्सडे पाहणीत (इंग्लंडच्या राजाने करवलेली जमिनींची नोंद) 'विस्टानेस्टुने' आहे, म्हणजे विग्स्टानची वाडी. ऐकायला सारखं, मूळ वेगळं. म्हणून जुन्या कागदात 'द वेसिंग्टन' दिसला की लगेच डरहॅमला जोडू नका. परगणा, जमीन आणि साक्षीदारांची नावं जुळतात का ते बघा.

जॉर्ज वॉशिंग्टन मात्र डरहॅमच्याच शाखेचे. घराण्याची एक फांदी लँकेशरमधल्या वॉर्टनला गेली, तिथून नॉर्दम्प्टनशरला. लॉरेन्स वॉशिंग्टनने १५३९ मध्ये तिथल्या सल्ग्रेव्हची जहागीर सरकारकडून विकत घेतली. मठ मोडीत निघून त्यांच्या जमिनी विक्रीला आल्या होत्या. त्याचा वंशज जॉन १६५६-५७ च्या सुमारास व्हर्जिनियात पोचला. हे जॉर्जचे पणजोबा.

प्रतिसाद १ : आणि आडनाव एक म्हणजे कूळ एक, हेही नाही. २००० च्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे ९० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. गुलामगिरीतून सुटल्यावर अनेकांना आडनाव घ्यावं लागलं. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ते शाळेत नाव विचारल्यावर घेतलं; त्यांच्या सावत्र वडिलांचं ते पाळण्यातलं नाव होतं. अशा कुटुंबाचा माग डरहॅमपर्यंत नेणं व्यर्थ.

प्रश्नकर्ता : हीच पद्धत 'न्यूटन'ला लावली तर?

प्रतिसाद ३ : फोड एका मिनिटात होईल : 'नवी वाडी'. पण गाव हाती लागणार नाही. या नावाची गावं इंग्लंडभर डझनांनी आहेत आणि प्रत्येकातून बाहेर पडलेला माणूस न्यूटन. तिथे आधी कुटुंबाचा परगणा पक्का करा, मगच नकाशा उघडा.