सेंद्रिय पांढरी वाइन: तांब्याचा कोटा आणि रखडणारं आंबवण

प्रश्न (वेलमांडव): सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची बाग सेंद्रियकडे वळवणं चालू आहे. दोन अडचणी आहेत. डाऊनी या बुरशीरोगावर बोर्डोखेरीज (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचं मिश्रण) भरवशाचं फारसं काही नाही आणि तांब्यावर मर्यादा आहे. शिवाय सगळ्या ओळींत गवत राखल्यापासून रस आंबताना मध्येच मंदावतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. यीस्ट बदलून फरक पडेल का?

उत्तर (मोरचूद): तांब्याचा हिशेब धातूवर होतो, मोरचुदाच्या वजनावर नाही. युरोपीय संघात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांबं चालतं, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. काही देशांत नियम याहून कडक आहेत. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा. अर्धा टक्का बोर्डो हेक्टरी ५०० लिटर मारलं की मोरचूद अडीच किलो, तांबं ६२५ ग्रॅम. सहा फवारण्यांत वर्ष संपलं!

म्हणून तारखा लावून फवारू नका. १० अंश तापमान, १० मिमी पाऊस आणि १० सेंमी फुटवे, हे जुळण्याआधी पहिली फवारणी घाईची ठरते. त्यानंतर मात्र पावसाच्या आधीच मारा, कारण तांबं पानावर बसून बीजाणू रोखतं, आत शिरलेल्या रोगाला काही करत नाही. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मगच एकत्र करा आणि त्याच दिवशी वापरा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

आणि सोव्हिन्यों असल्यानं काढणीजवळ तांबं टाळाच. या जातीचा वास ज्या थायॉल नावाच्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, त्यांनाच तांबं बांधून टाकतं.

उत्तर (गाळसाळ): यीस्ट बदलून फार काही होणार नाही. आधी रसातलं यीस्टला मिळणारं नत्र मोजा. लिटरला १५० मिग्रॅच्या खाली असेल तर कारण सापडलं: गवतानं नत्र आणि पाणी दोन्ही ओढलंय. उपाशी यीस्ट हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, सोडतं. भुरी या बुरशीरोगासाठी उशिरा मारलेलं गंधक मण्यांवर राहिलं तरी तोच वास येतो, म्हणून काढणीच्या किमान पाच आठवडे आधी गंधक थांबवा. प्रेसनंतर रस थंड ठेवून नीट निवळू दिला तर उरलेलं बरंचसं गंधक गाळाबरोबर जातं.

यंदाची तातडी असेल तर साखरेचा साधारण तिसरा हिस्सा संपताना यीस्टचं खाद्य द्या. अल्कोहोल ९-१० टक्क्यांवर गेल्यावर घातलेलं नत्र यीस्ट घेत नाही, नुसतं टाकीत पडून राहतं.

उत्तर (उतारावरची बाग): नत्राचं पटतं, पण म्हणून सगळं गवत नांगरू नका, उतारावर माती वाहून जाईल. एकाआड एक ओळ गवताची ठेवा, उरलेल्यांत व्हेच किंवा क्लोव्हर अशी नत्र देणारी पिकं पेरून फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत मिसळा. वेलीच्या बुंध्याजवळची पट्टी मोकळी हवी. पानविरळणीनं तांबं आणि गंधक दोन्ही वाचतं, कारण घडांवरची ओल लवकर सुकते. फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूचीच पानं काढा. दुपारच्या उन्हानं पांढरे मणी भाजतात.

वेलमांडव: नत्रासाठी नमुना कधी घ्यायचा?

गाळसाळ: काढणीच्या आठवडाभर आधी. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, वेगवेगळ्या वेलींवरून मिळून २०० मणी घ्या आणि गवताच्या ओळींचा नमुना वेगळा ठेवा.